दोन चॅनेलांचा एक आवाज

लेलंडने तारा छेडल्या आणि पत्र्याच्या डब्यातून यावा तसा पोकळ आवाज नाचघरात उमटला. खर्ज कुठे गेला, हे त्याला कळेना. भिंतीशी खुर्चीवर बसलेल्या ऑरिनला मात्र ते कळले होते.

लुईझियानातल्या त्या नाचघरात हे गिद्री बंधू दर शुक्रवारी एकाच जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवर वाजवत आले होते. एका चॅनेलमध्ये थोरल्या ऑरिनची गिटार, दुसऱ्यात लेलंडची. हिवाळ्यात ऑरिनला अर्धांगाचा झटका आला आणि त्याचा डावा हात निकामी झाला. आता लेलंड एकटाच दोन्ही चॅनेल भरू पाहत होता. पायाशी ठेवलेले एक पेडल त्याच्या गिटारचा आवाज दुभागून दोन्हीकडे धाडत होते. एका वाटेवर प्रतिध्वनीचे पेडल होते, दुसरी वाट कोरी. चॅनेल एकेकटे लावले की आवाज भरदार; दोन्ही एकदम लावले की बसलाच.

"डास गुणगुणतोय का रे?" मालकीण व्हर्नाबाई बारमागून ओरडल्या. "यावर माणसं नाचायची कशी? जमत नसेल तर सांग, शुक्रवारी मी रेकॉर्ड लावीन."

"जरा थांबा, बाई." लेलंडची कानशिले लाल झाली होती. "ऑरिन, तू तरी बोल ना! चर्चमध्ये बसल्यासारखा काय बसलायस?"

लेलंड समुद्रातल्या तेलविहिरीवर कामाला गेला होता, त्या उन्हाळ्यात ऑरिनने एकट्याने दोन्ही चॅनेल भरण्याचा हाच प्रयोग गुपचूप करून पाहिला होता. त्या यंत्राचे एक चॅनेल दुसऱ्याच्या उलट चाले. एक स्पीकरला पुढे ढकली, तेव्हा दुसरे मागे ओढी. दोघे वेगवेगळे वाजवत तोवर काही बिघडत नसे. एकच सूर दोन्हीकडून आला, की तो स्वतःलाच खाऊन टाकी. उपायही त्याला तेव्हाच सापडला होता. तो सांगितला नाही, तर शुक्रवार बंद पडणार होता. सांगितला, तर शुक्रवार त्याच्यावाचून चालणार होता.

"माझ्या पिशवीतला तो लाल पेडलवाला बूस्टर घे," तो अखेर म्हणाला. "कोऱ्या वाटेत लाव."

"आवाज वाढवून काय होणार?"

"वाढवू नकोस, गाढवा. नुसता चालू ठेव. त्यातून आवाज उलटा होऊन निघतो."

लेलंडने बूस्टर जोडून वाजवले. फळ्यांची जमीन पायांखाली घुमली. व्हर्नाबाई फडके हातात घेऊन बाहेर आल्या.

"आत्ता कसं! अगदी दोघं वाजवताय असं वाटतंय."

लेलंडचा हात तारांवरच थांबला. "ऑरिन?"

"प्रतिध्वनी जास्त होतोय," ऑरिन जमिनीकडे पाहत म्हणाला. "आणि शेवटच्या कडव्याला घाई करू नकोस. तिथं लोक एकमेकांना जवळ घेतात."