मागच्या सीटवरची बडबड

“किती बोलतेस गं! कानाला दडे बसले माझ्या. बाजार येईपर्यंत जरा गप्प बसशील तर शपथ!”

ही कुरकुर रोज सकाळी माझ्या हँडलवरून निघायची आणि मागच्या सीटवर जाऊन आपटायची. मित्रांनो, मी व्हिएतनाममधल्या हुए शहरातली एक जुनी हिरवी मोटारसायकल आहे. जिथे गुडघे घासतात तिथे हिरवीही उरलेली नाही, नुसता पत्रा. कुरकुर करणारे माझे मालक, ख्येम. मागे बसून बोलणारी त्यांची बायको न्यान. तिच्या मांडीवर टोपली आणि टोपलीत केळीच्या पानात वाफवलेल्या तांदळाच्या वड्या, बाजारात विकायच्या.

कारखान्यातलं मला फक्त रंगाचा वास आठवतो. खरं आयुष्य या घरात सुरू झालं. आमच्याकडे गाडी रस्त्यावर झोपत नाही; उंबऱ्याला फळी लावली की ती थेट बैठकीच्या खोलीत येते. त्यामुळे घरातलं सगळं मला ठाऊक. त्यांची लेक सुओंग उभी राहायला शिकली तीही माझं चाक धरून. ख्येम तेव्हा मला रोज पुसायचे. शेजारचे म्हणायचे, “बायकोलाही इतकं जपत नसेल हा!”

मग हळूहळू माझ्यावर चिखल वाळू लागला. मला वाटलं, मी जुनी झाले, माया आटली. मी मनातून फार रुसले होते. पुढे कळलं, त्यांना चिखल दिसतच नव्हता.

न्यानला हे माझ्याआधी कळलं असावं. कारण तिची बडबड तेव्हापासूनच वाढली.

“चौकातला दिवा बघा, काय लालभडक झालाय!”

“ती फळवाली अजून रस्त्याच्या मधोमधच चालते. राणीच ना ती!”

“डावीकडे परत खणून ठेवलंय. खजिना सापडायचाय का यांना?”

ख्येम वैतागायचे आणि बरोबर तिथेच ब्रेक दाबायचे. मित्रांनो, मी पेट्रोलवर चालत होते म्हणतात, पण खरं तर त्या बडबडीवर चालत होते.

एके सकाळी न्यानने चिकट भाताचा घास तोंडात घेतला. घास चावून होईपर्यंतच ती गप्प होती. तेवढ्यात शाळेच्या एका मुलीच्या सायकलला आम्ही घासून गेलो. मुलगी डगमगली, सावरली, पडली नाही.

“आजकालच्या पोरी! बघून चालवत नाहीत,” ख्येम म्हणाले.

न्यानने घास गिळला आणि मागे वळून त्या मुलीकडे पाहिलं.

त्या संध्याकाळी ती म्हणाली, “मला गाडी शिकवा. हौस आहे.”

“या वयात?”

“हो बाबा, आईला फार दिवसांची हौस आहे,” सुओंग जमिनीकडे बघत म्हणाली. डोळ्यांच्या डॉक्टरांचा विषय तिने मागे काढला होता, तेव्हा बाबा ताटावरून उठले होते.

हौस! रस्ता ओलांडताना दुसऱ्याचा हात शोधणारी बाई ती. पण दुसऱ्या दिवशी नदीकाठी ती माझ्यावर बसली आणि तिच्या तळव्यांचा घाम माझ्या मुठींना लागला. ख्येम प्लॅस्टिकच्या स्टुलावर कॉफी घेऊन बसले. आमच्याकडे बघतही नव्हते. कानांनीच शिकवत होते.

“दुसरा गिअर टाक! गाडी रडतेय, ऐकू येत नाही? आणि रेस पिळतेस काय, धुणं आहे का ते?”

न्यानची नजर सारखी माझ्या पुढच्या चाकावर. मग मीही वाकडी जायची.

“चाक कुठे पळून जात नाही. लांब बघ. जायचंय तिकडे बघ,” ख्येम म्हणाले, आणि कॉफी उगाच कितीतरी वेळ ढवळत राहिले.

सगळ्यांत अवघड ती घराची फळी. अर्ध्यावर आलं की न्यान घाबरून रेस सोडायची आणि आम्ही दोघी मागे. दारातली संत्र्याच्या रोपाची कुंडी त्यातच गेली. शेजारीण ओरडली, “न्यान, दारातून ये हो, भिंतीतून नको!” न्यान हसली आणि मला पुन्हा फळीवर घातलं. गर्दीत गचकन थांबायचं नाही, सावकाश पण सरळ जात राहायचं, म्हणजे इतरांना आपला बेत कळतो, हेही ती शिकली. एक दिवस फळी ती एका दमात चढली. आतून ख्येम म्हणाले, “जमलं.” आवाज मात्र आनंदाचा नव्हता.

मित्रांनो, गाडीला वेळेवर तेल घाला, साखळी पुसा. आणि नवीन माणूस चालवत असेल तर मागे बसून किंचाळू नका. त्याचे हात आधीच थरथरत असतात.

दुसऱ्या सकाळी बाजाराला निघताना ख्येम म्हणाले, “टोपली मागे बांध. मी घरीच थांबतो.”

“टोपली कोण धरणार? बसा.”

त्यांचं वजन माझ्या मागच्या सीटवर पहिल्यांदाच आलं. आम्ही पुलावर चढलो. चहूकडून गाड्या. न्यानचे खांदे ताठ.

“अहो, असे गप्प नका बसू. मला भीती वाटते. बोला ना काहीतरी, मी बोलायची तसं.”

“काय बोलू?”

“समोर काय काय चाललंय ते सांगा.”

पूल संपत आला. मग ते पुढे झुकले. त्यांचं कपाळ तिच्या पाठीला टेकलं.

“न्यान, मला दिसत नाही गं.”