तोंडी अटी

मजीदशेठचे घर विकत घेण्याचे सुधीरराव करंदीकरांनी जवळजवळ निश्चित केले होते. अडत होते ते केवळ तळमजल्यापाशी. तिथे तय्यबाबाई वीसेक वर्षे शिवणकाम करीत राहत होती आणि तिच्या भाड्याचा लेखी करार असा कधी झालाच नव्हता. निवृत्तीची सारी पुंजी घालून घेतलेले घर मोकळे मिळेल की नाही, हे इसार देण्यापूर्वी कळणे अगत्याचे होते.

“बाई भली आहे. सांगाल तेव्हा खोली सोडेल,” मजीदशेठ म्हणाले.

“मी एकट्याने जाऊन विचारले तर चालेल?”

“जा की. मी कशाला अडवू?”

इतक्या सहज मिळालेल्या होकाराने सुधीररावांचा संशय अधिकच बळावला.

तय्यबाबाईने मशीन थांबवून खुर्ची पुढे केली, चहा टाकला. शेजारच्या कारखान्यातल्या लूमच्या खडखडाटात मोठ्याने बोलावे लागत होते. त्या आदरातिथ्यातही सुधीररावांना दोघांचे संगनमत दिसू लागले.

“नव्या मालकाने खोली मागितली तर काय कराल?”

“काय करणार, भाऊ? पडघ्याला बहिणीकडे जाईन. ती कधीची बोलावतेय.”

उत्तर हवे होते तेच मिळाले. परंतु सरळ उत्तर सरळपणे घेणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

“हे तुम्हांला शेठनी पढवले?”

“ते कशाला पढवतील?”

“कारण कायदा तुमच्या बाजूचा आहे, बाई. करार लेखी करून नोंदवणे ही मालकाची जबाबदारी. तसा करार नसेल, तर अटींविषयी भाडेकरू सांगेल तेच ग्राह्य धरतात. उलट सिद्ध करायचे ते मालकाने. उद्या तुम्ही म्हणालात, शेठनी खोली तहहयात दिली होती, तर ते खोडून काढता काढता माझी हयात सरेल. इतके बळ हाती असताना कोणी मुकाट जाईल, हे मी कसे मानावे?”

तय्यबाबाईने कप खाली ठेवला.

“हे मला कुणी सांगितलं नव्हतं.”

“खरंच?”

“तुमची शपथ, भाऊ. चहा घ्या, गार होतोय. शेठ तेव्हा काय काय बोलले होते, जरा आठवून बघते.”

इसाराचा चेक खिशातच ठेवून सुधीरराव उठले. गल्लीत मजीदशेठ वाट पाहत होते.

“सोडते म्हणाली ना?”

“म्हणाली.”

“मग?”

“मग मी बोललो.”