न घेतलेलं माप

‘चालशे’, म्हणजे ‘चालेल’, म्हणून आपण रोज किती कागदांवर सह्या करतो! बाजवा गावाजवळच्या एका कारखान्यात मनालीनेही तेच केलं. टाकीत माणूस उतरण्यापूर्वी आतली हवा तपासायची आणि जेवणाच्या सुट्टीनंतर ती पुन्हा तपासायची, हे तिचं काम. त्या दुपारी तिने मीटर आत सोडलाच नाही. सकाळचाच आकडा पुन्हा लिहिला: प्राणवायू २०.९ टक्के. दहा मिनिटांत टाकीत उतरलेला कामगार नंदू बेशुद्ध पडला.

तो वाचला. पण कागदावर हवा चोख होती, म्हणजे तो पिऊनच उतरला असणार, असं चौकशीत ठरलं. सोमवारी त्याला काढून टाकणार होते. मनाली गप्प राहिली.

ती त्याच्या घरी फळं देऊन आली. शुक्रवारी उपास केला. रविवारी चर्चमध्ये पापकबुलीची पाठ प्रार्थना म्हटली. ओठ हलले, आत काहीच हललं नाही.

बाहेर जनार्दनकाका भेटले. चर्चच्या मंडळीतले वडीलधारे आणि कारखान्यातले मीटर दुरुस्त करणारे. तिने त्यांना सगळं सांगितलं.

“एकच चूक झाली, काका. मी वाईट नाहीये.”

“आकडा खोटा लिहिलास, वर नंदूला दारुडा ठरवताना गप्प बसलीस. याला पाप म्हणतात, पोरी.”

“म्हणून तर उपास केला.”

“बिघडलेला मीटर स्वतःच स्वतःला दुरुस्त करतो का?”

“नाही. ज्याचं प्रमाण आधीच ठाऊक आहे असा प्रमाणित वायू बाहेरून आणून मीटर त्याच्याशी ताडावा लागतो.”

“मग माणूस कसा करेल? आपल्याच मापाने मोजलं तर आपण कायम निर्दोष निघतो. म्हणून आपलं पाप स्वतःवर घेऊन प्रभू येशूला वधस्तंभावर जावं लागलं. तारण, म्हणजे पापातून सुटका, उपासाने कमावता येत नाही, मागावं लागतं.”

“आणि नोकरी गेली तर?”

“जाईलही. क्षमा मिळाली म्हणजे शिक्षा टळेल, असं मी कुठं म्हटलं? लपायची गरज मात्र उरणार नाही.”

ती पुन्हा आत गेली. गुडघे टेकले, पण पाठ असलेले शब्द आठवेनात. “प्रभू, मी खोटं लिहिलं. नंदूची अब्रू जाऊ दिली. माझं मला निस्तरता येत नाही. मला वाचव.”

सोमवारी तिने साहेबांना खरं सांगायला सुरुवात करताच त्यांनी दार लावून घेतलं. “बेन, कागद तर बराबर आहे. कशाला उकरून काढतेस?”

“दुपारची तपासणी मी केलीच नव्हती, साहेब. नंदू प्यायला नव्हता. लेखी देते.”

तिने कागद पुढे ओढला. शेवटच्या ओळीपर्यंत लिहिलं आणि खाली सही केली.

वाचकहो, पाप फक्त तुरुंगातल्या माणसांचं नसतं. ते तुमच्या-माझ्या सहीखाली निवांत बसलेलं असतं, आणि चार सत्कृत्यांनी धुतलं जात नाही. त्यातून सोडवणारा देवच आहे. पण ज्याला देवाने सोडवलं, त्याने आपल्यामुळे अडकलेल्या माणसाला आधी मोकळं करावं.