मासळीच्या गाडीचा तळ

गॅरेजातले सगळे त्याला नाकराव म्हणत आणि त्यात कौतुक मुळीच नव्हतं. आधी तो साबण-अत्तरांच्या दुकानात होता. तिथे दिवसभर गिऱ्हाइकांच्या मनगटावर थेंब लावायचे आणि गोड बोलायचं, एवढंच काम. ते दुकान बसलं आणि सासऱ्यांनी जावयाला आपल्याकडे ओढलं. गॅरेजाच्या वरची खोलीही राहायला दिली. उपकारच म्हणायचे, पण नाकराव पडला आगीतून फुफाट्यात.

गाड्या वरून चकाचक करून देणारे पुष्कळ असतात. सासरे गाड्यांचं पोट साफ करत. गाडी लिफ्टवर चढवायची, खालून जोराच्या पाण्याचा फवारा मारायचा, वाळली की तारेच्या ब्रशने गंज खरवडायचा, सायलेन्सर आणि ब्रेक कागदाने झाकायचे आणि उरलेल्या पत्र्यावर काळा, डांबरासारखा दाट थर मारायचा. पाणी आणि मीठ लोखंडाला लागू नये म्हणून. काम चोख केलं तर गाडीचं आयुष्य वाढतं, यात खोटं काही नाही.

पण गाडीच्या पोटाखाली काय काय साठतं, हे नाकरावला तोवर ठाऊक नव्हतं. चाकांच्या वरच्या कपारीत चिखलाचा थर, त्यात कुजलेली पानं, पानांत गोगलगायी. एकदा एका बड्या माणसाच्या गाडीतून उंदराचं अख्खं घरटं त्याच्या मानेवर पडलं, तेही ओलं. एकदा चाकाच्या दांड्याला गुंडाळलेलं काहीतरी निघालं. ते मांजर होतं हे शेपटीवरून कळलं. बाकीचे कारागीर हसत डबा खात बसायचे आणि हा भिंतीमागे जाऊन पोट रिकामं करून यायचा. बायको त्याला जिन्याखालच्या नळावर दोनदा साबण लावल्याशिवाय वर येऊ देत नसे. वर आल्यावरही ती उशी जरा पलीकडे सरकवायची. तो रागवत नसे. स्वतःपासून लांब सरकता आलं असतं तर तोही सरकला असता.

अशात ती मासळीची गाडी आली.

दुरून पाहिली तर बरी, पांढरी, मागे एक बाक असलेली ऐसपैस गाडी. सासऱ्यांनी ती एका मासळीवाल्याकडून स्वस्तात उचलली होती. आपली धाकटी बहीण, म्हणजे बायकोची आत्या, तिच्या लाँड्रीसाठी घेतली असं ते म्हणाले. लाँड्रीचे गठ्ठे न्यायला-आणायला, आणि गठ्ठ्यांबरोबर दोन बायकाही बसतील. गाडी लिफ्टवर चढली आणि अंगणातले लोक न सांगता पांगले. वर्षानुवर्षं टोपल्यांतला बर्फ वितळून ते खारं पाणी गाडीच्या फरशीतून झिरपत राहिलं होतं. तळाला करड्या रंगाचा चिकट, केसाळ थर धरला होता आणि त्यात खवले चमकत होते. नाकरावने तोंडावर फडकं बांधून फवारा सोडला. पहिल्याच झोतात आतून पांढऱ्या अळ्यांचा लोंढा आला आणि त्याच्या बाहीत शिरला. शर्ट त्याने तिथेच काढून टाकला. पुन्हा कधी घातला नाही.

दोन दिवस धुतल्यावर वास थोडा मावळला. तळ वाळला तेव्हा नाकरावने ब्रश घेतला, तर गंज नुसता निघेना, पत्राच निघायला लागला. कांद्याचे पापुद्रे सुटावेत तसा एकाखाली एक. ज्या दोन आडव्या तुळयांवर सगळी गाडी उभी असते, त्यांतल्या एकीत त्याचं बोट आत गेलं. आत ओलसर, भुसभुशीत होतं. त्याने बोट बाहेर काढलं आणि बराच वेळ पँटीला पुसत राहिला.

त्याने सासऱ्यांना बोलावून दाखवलं. त्यांनी मान वर करून पाहिलं, हं केलं आणि ब्रश त्याच्या हातातून काढून घेतला. आणखी खरवडायची गरज नाही, थेट काळा मारा, जाड मारा, असं म्हणाले. गंजावर थर मारला तर गंज आत मजेत खात बसतो, हे त्यांनीच पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं, असं नाकराव चाचरत बोलला. सासरे शांतपणे हसले.

"जावईबापू, झाकली मूठ सव्वा लाखाची. बहीण माझी आहे, काळजी मला. तुम्ही फवारा धरा."

त्याने फवारा धरला. हेच त्याला पुढे सगळ्यात जास्त टोचत राहिलं. भोकांवर चिकटपट्टी लावून त्यावर काळा थर, तो सुकल्यावर वरून आणखी एक. संध्याकाळपर्यंत तळ काळाकुळकुळीत, तुकतुकीत झाला. इतका देखणा तळ त्या गॅरेजात कधी झाला नव्हता. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. हाताला वास नव्हता, अंगाला नव्हता. बायकोही म्हणाली की आज बरा आहेस. तरी तो खाली नळावर जाऊन तिसऱ्यांदा साबण लावून आला.

आत्या दुसऱ्या दिवशी दुपारी आली. नीटनेटकी, इस्त्रीच्या कपड्यांतली, बोलायला गोड बाई. लिफ्टवरच्या गाडीचा तळ पाहिला आणि खूष झाली. सासरे चहाचं सांगायला आत गेले तशी नाकरावने ती संधी साधली. स्क्रू पिळायचा पेचकस उचलला, आत्याला दोन पावलं गाडीखाली बोलावलं आणि पेचकस त्या सुंदर काळ्या तुळईवर टेकवून हलकेच दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला.

आत्या दचकली नाही. तिने पर्समधून रुमाल काढून नाकाला लावला.

"दादाने मला फसवलं असं वाटलं का तुम्हाला?" ती म्हणाली. "अहो, ही गाडी मीच त्याला शोधून दिली."

मग तिने समजूत घालावी तशा सुरात सारं सांगितलं. गाडी ती ठेवणारच नव्हती. गिऱ्हाईक तयार होतं. म्हाताऱ्या माणसांना घरून दवाखान्यात आणि दवाखान्यातून घरी पोचवणारा एकजण होता. मासळीवाल्याची गाडी त्याने घेतली नसती, पण लाँड्रीची म्हटल्यावर डोळे मिटून घेणार होता. साबणाच्या पाण्यावर चालणारी गाडी ती, तिच्याबद्दल कोण शंका घेईल? म्हणून कागदावर मधे आपलं नाव. सगळ्यांचंच भलं होतंय, तुमचंही होईल, असं म्हणत तिने भोकावर बोटाने काळा रंग सारखा केला आणि ते बोट रुमालाला पुसलं. रुमालाला गुलाबाच्या अत्तराचा वास होता. जन्मभर आवडलेला तो वास नाकात शिरताच नाकराव गटारावर जाऊन ओणवा झाला. मागून सासऱ्यांचा आवाज आला, नाकराव तो नाकरावच. दोघं भावंडं हसली.

वर जाऊन त्याने बायकोला सगळं सांगितलं. तिला खोटं वाटलं नाही, हेच त्याला विचित्र वाटलं. ती खिडकीशी उभी राहून खालची पांढरी गाडी बघत राहिली. लहानपणी बाबा गंजलेल्या गाड्या रंगवताना ती बघत असे. विचारलं तर म्हणायचे, म्हातारीला पावडर लावतोय. तेव्हा ती खूप हसली होती.

"माझ्या शाळेची फी अशीच भरली असेल," ती म्हणाली. मग विचारलं, "ब्रश किती आहेत?"

दुसऱ्या दिवशी गॅरेजाला सुट्टी होती. सकाळी जुना रेनकोट चढवून ती त्याच्याबरोबर खाली आली. गाडी त्यांनी लिफ्टवर घेतली आणि खरवडायला सुरुवात केली. नरम काळा थर आधी च्युइंगगमसारखा ताणला गेला, हातांना चिकटला, केसांत गेला. मग पट्ट्या सुटल्या आणि कोंडलेलं सगळं पाणी सुटलं. त्या वासाला उपमा नाही. बायको भिंतीकडे धावली. नाकराव तिच्यामागे गेला आणि ती ओकत होती तोवर काळ्या हातांनी तिचे केस मागे धरून उभा राहिला. ती तोंड पुसत म्हणाली की रोज हे घेऊन तू वर येत होतास आणि मी उशी सरकवत होते. तो म्हणाला, मीही सरकवली असती. दोघं परत कामाला लागले. दुपारपर्यंत तळात एवढं भगदाड पडलं की खालून बघणाऱ्याला मागच्या बाकाचा फोम दिसायला लागला.

सासरे आले ते जेवून, दात कोरत. गाडी पाहून त्यांची काडी तोंडातच राहिली. ते ओरडले नाहीत. खाल्ल्या घरचे वासे मोजणारा जावई मिळाला, असं म्हणाले. जावयाच्या नादी लागून बापाच्या पोटावर पाय देतेस का, असं लेकीला विचारलं. गाडी आजच्या आज बुजवून काळी करा, संध्याकाळी माणूस बघायला येतोय, हेही सांगितलं.

"बाबा, बुजवते," बायको म्हणाली. "आधी तुम्ही मागच्या बाकावर बसा. आम्ही लांबवर एक चक्कर मारून आणतो."

सासऱ्यांनी लेकीच्या काळ्या झालेल्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग भगदाडाकडे. एक पाऊल पुढे आले, असंही वाटलं. मग वळले आणि निघून गेले.

तेवढं भगदाड बुजण्यासारखं नव्हतं, गाडी भंगारात गेली. आत्याने नात्यागोत्यात सगळीकडे सांगितलं की जावई अस्तनीतला निखारा निघाला. पुष्कळांना पटलंही. सासऱ्यांचं गॅरेज जोरात चालू आहे. पुढच्या गाड्यांचं ते काय करतात, हे या दोघांना कळायला मार्ग नाही, आणि त्याची रुखरुख बायकोला आहेच. ती अधूनमधून बापाला फोन करते. तो तब्येतीपुरतं बोलतो. वरची खोली सुटली. दोघं एका अरुंद बोळातल्या घरात राहतात.

नाकराव आता बसच्या डेपोत बसगाड्यांचा तळ धुतो. वेगळं काही करता आलं असतं, पण येत होतं ते हेच. तिथला मुकादम कमी बोलणारा आहे. त्याने पहिल्याच दिवशी एक खडू हातात दिला. ज्या बसचा तळ कुजलाय तिच्यावर फुली मारायची, एवढंच. आठवड्याभरात एक बस अशी निघाली. नाकरावने पेचकस टोचून पाहिला आणि दारावर मोठी फुली मारली. आता कोणीतरी येऊन हुज्जत घालेल म्हणून तो थांबला. मुकादम आला, फुली पाहिली, काहीही न विचारता ड्रायव्हरला उतरवलं आणि बस बाजूला लावायला लावली. नाकराव नेहमीसारखा कुंपणामागे गेला, पोटातलं सगळं बाहेर काढलं, चूळ भरली आणि पुढची बस आत घ्यायला हात केला.