साखरपुड्याचा फोन

साखरपुड्यात मुलाकडच्यांनी मुलीला मोबाइल द्यायचा, ही पद्धत कोणी काढली देव जाणे. आधी साडी होती, अंगठी होती, पेढे होते. हल्ली ताटात खोकं असतं. श्रुतिकाच्या साखरपुड्यातही होतं. खोक्यावर हळदकुंकू, वर एक सुपारी. वसुधाकाकूंनी ते होणाऱ्या सुनेच्या ओटीत घातलं आणि शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आमच्या श्रेयसने सगळं सेट करून दिलंय हो. नुसतं चालू करायचं. तुला काही म्हणजे काही करायला नको."

एका मावशीने तर डोळे पुसले. केवढं ते कौतुक! सील फोडलेलं खोकं कोण कशाला भेट देईल, हे त्या अख्ख्या हॉलमध्ये एकानेही विचारलं नाही. जिलेब्या गरम होत्या ना.

त्याला चार महिने झाले. घाटकोपरच्या भटवाडीतला रविवार. श्रुतिकाची आई, सुलक्षणा, मोरीपाशी कोळंबी सोलत होती. वहिनी दिशा चपात्या लाटत होती. दादा, म्हणजे निलेश, पलंगावर पाय ताणून क्रिकेट बघत होता. वडील गेल्यापासून घरातला कर्ता तोच, आणि ते तो दिवसातून दोनदा तरी बोलून दाखवायचा. तेवढ्यात आईचा फोन वाजला. हात कोळंबीत, म्हणून श्रुतिकाने स्पीकर लावून दिला.

"विहीणबाई, सव्वीसचा मुहूर्त नको," पलीकडून वसुधाकाकू. "पुढच्या महिन्यातली चार तारीख काढून आणलीय आम्ही गुरुजींकडून."

"अहो, पण हॉल घेतलाय आपण. झालं काय?"

"आता कसं सांगू? सव्वीसला श्रुतिकाची अडचण येते. देवक बसवायचं आणि नवरी बाजूला, चालेल का? मागचे तीन महिने धरले तर चोवीस ते अठ्ठावीसमध्येच येते बघा. मधे एकदा बारा दिवस लांबली होती, तेवढं मात्र एकदा डॉक्टरला नीट विचारून घ्या. पुढे आम्हाला त्रास नको."

फोन ठेवला तेव्हा घरात फक्त कॉमेंट्री चालू होती. निलेश एकदम छताकडे बघायला लागला, जणू तिथे मॅच लागलीय.

"गो बाय माझ्या," आई दबक्या आवाजात फणफणली, "ह्या सगळा तू त्यांका सांगलंस? लाज नाय वाटली तुका?"

"मी कोणाला सांगितलं नाही. ते बारा दिवसांचं तुला तरी माहीत होतं का?"

आईने मान हलवली. माहीत नव्हतं. श्रुतिकाने ते एकाच ठिकाणी लिहिलं होतं. फोनमध्ये गुलाबी फुलाचं चित्र असलेलं एक अ‍ॅप होतं, त्यात तारीख टाकली की पुढची तारीख सांगायचं. बस. तिथे. आणि मग कोणाला न सांगता ती एकटी स्टेशनजवळच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आली होती.

"एवढं काय त्यात?" निलेश छताशीच बोलला. "फोन त्यांनी दिलाय, बघत असतील थोडंफार. काळजी करतात बिचाऱ्या. नशीब समज स्वतःचं."

सोमवारी अंधेरीला ऑफिसात पोचल्या पोचल्या श्रुतिकाने जयंतीला गाठलं. जयंती मनोरीची कोळ्याची पोर, रोज बोटीने खाडी ओलांडून कामाला यायची. ऑफिसातले सगळे बिघडलेले कॉम्प्युटर तिच्या पायाशी लोळण घ्यायचे. तिने ऐकलं, फोन हातात घेतला, आधी त्याचं नेट तोडलं आणि मग सेटिंग्जमध्ये शिरली.

"अ‍ॅप्स. सगळी दाखव म्हणायचं, नुसती वरवरची नाही. हं. गाणी तुझी. रेसिपी तुझी. मांजराच्या मिशा लावणारं?"

"माझंच."

"लाज वाटू दे जरा. आणि हे? 'डिव्हाइस केअर सेवा'?"

"ते फोनचंच असेल ना?"

"नावावरून तर समाजसेवक वाटतोय." जयंतीने परवानग्या उघडल्या आणि तिचं हसू गेलं. लोकेशन चालू. माइक चालू. कॅमेरा चालू. मेसेज, फोटो, स्क्रीनवर काय चाललंय ते, सगळंच चालू. काढून टाकायचं बटण होतं, पण करडं पडलेलं, दाबलं तरी ढिम्म. "साहेब अ‍ॅडमिन होऊन बसलेत. आधी ते पद काढून घ्यायचं, मगच हाकलता येतं. दोन मिनिटांचं काम आहे. थांब, आधी पुरावा." तिने स्वतःच्या मोबाइलवर प्रत्येक पानाचा फोटो काढला. मग नेट परत जोडून श्रुतिकाचा फोन नेऊन पँट्रीत मिक्सरशेजारी ठेवला. "ऐकू दे सासूबाईंना चटणीचा आवाज. आता बोल."

श्रुतिकाला एकेक आठवायला लागलं. ब्लाउजच्या मापाचे फोटो टेलरला पाठवले होते, ते. 'काकूंची भीती वाटते गं' असं आईला स्वयंपाकघरात म्हटलं होतं, आणि दुसऱ्याच दिवशी काकू लाडाने म्हणाल्या होत्या, मला घाबरतेस की काय? तेव्हा ती हसली होती. बाथरूममध्ये गाणं लावून फोन कोनाड्यात ठेवायची रोज. कॅमेरा कुठल्या बाजूला असायचा? आपला टूथब्रश चार महिने दुसराच कोणीतरी वापरत होता आणि ते आज कळलं, तसं झालं तिला. बेसिनपाशी जाऊन तिने तीनदा तोंड धुतलं. तोंडावर काहीच नव्हतं, हा त्यातला वैताग.

"काढून टाक," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

"काढते. पण मग लग्नाचं काय?"

"म्हणजे?"

"म्हणजे बघतं कोण? सासू एकटीच की तुझा श्रेयसपण? आत्ता उडवलं तर तो म्हणेल, अगं मला काही माहीतच नाही, आईने केलं असेल. आणि तू विरघळशील. तुला मी ओळखते."

श्रुतिका ओशाळली, कारण ते खरं होतं. श्रेयस चांगला वाटायचा तिला. पावभाजीतला कांदा वेचून काढून तिला द्यायचा. त्याला यातलं माहीत नसेल तर लग्न करायचं. माहीत असेल तर नाही. एवढंच कळायला हवं होतं तिला.

"शनिवारी जेवायला ये माझ्याकडे," जयंतीचे डोळे चमकायला लागले होते. "आईला आण, दादा-वहिनीला आण. फोनपण आण. श्रेयसला मात्र सांग, ऑफिस आहे."

मनोरी म्हणजे शनिवार-रविवारी जोड्यांनी यायचं गाव, कॉटेज भाड्याने मिळणारं. ऑफिसला म्हणून निघालेल्या मुलीचा ठिपका मार्व्याच्या धक्क्यावरून खाडीत शिरला आणि मनोरीत जाऊन थांबला, तर बघणारा काय समजेल? काय समजायचं ते समजेल. जयंतीचा हिशेब एवढाच होता.

शनिवारी अकराला श्रुतिकाने मेसेज टाकला, 'ऑफिसात आहे, काम खूप, नंतर बोलते.' श्रेयसने लगेच अंगठा पाठवला. घरचे आधीच्या बोटीने पुढे गेले होते, फोनच्या कानावर त्यांचा आवाज पडायला नको म्हणून. फोन मग जयंतीच्या अंगणात, सुक्या जवळ्याच्या टोपलीत खोल पुरला. आणि सगळे आत भाकरी-कालवण ओरपायला बसले. निलेशने तीन वेळा बोंबील मागून घेतले.

दीडच्या सुमाराला रिक्षा थांबली. खिडकीच्या फटीतून श्रुतिकाने बघितलं आणि तिच्या हातातला घास ताटात पडला. श्रेयस होता. हातातला मोबाइल पुढे धरून, एका डोळ्याने स्क्रीन बघत, देवीची पालखी दाखवील तिकडे जावं तसा ठिपक्यामागून चालला होता. मागे वसुधाकाकू, नाकाला पदर, सोन्याच्या पाटल्या वर सरकवलेल्या. वलांडीवर वाळत घातलेल्या बोंबलांत श्रेयसचं डोकं अडकलं.

जयंतीची आई, शांताबाई, ओसरीवर बसली होती. "बोंबलांना धक्का नको लावूस रे बाबा. काय पायजे, बोंबील की जवळा?"

श्रेयस टोपलीसमोर येऊन थांबला. ठिपका सांगत होता, इथेच. त्याने टोपलीकडे बघितलं, दाराकडे बघितलं, आणि ओरडला, "श्रुतिका! बाहेर ये! आत कोणाबरोबर आहेस ते माहितीये मला!"

दार उघडलं. सुलक्षणा बाहेर आली, हातात तळलेल्या बोंबलांची बशी.

"कोणाक शोधतास, जावयबापू?"

मागून निलेश आला, दिशा आली, जयंती आली. शेवटी श्रुतिका. तिने टोपलीत हात घालून फोन काढला, त्यावरचा जवळा झटकला.

"मी इथे आहे हे तुला कोणी सांगितलं, श्रेयस?"

श्रेयसने मोबाइल घाईघाईने खिशात घातला. वसुधाकाकू मात्र तयारीच्या. "हे बघ, आम्ही काही चोर नाही. होणाऱ्या सुनेची काळजी घेतली तर बिघडलं कुठे? दिवस बरे नाहीत. आणि ऑफिस आहे म्हणून खोटं बोललीस ना तू? बघ, बघितलं म्हणून कळलं!"

"काकू, माझ्या तारखा तुम्हाला कशा कळल्या?"

"त्यात लपवायचं काय? मी बाईच आहे. कॅलेंडरवर टिपून ठेवते, दुधाच्या खाड्याशेजारी. विसरायला नको म्हणून."

काकूंच्या बोरिवलीच्या स्वयंपाकघरात येणारी-जाणारी, भांडीवाली, पेपरवाला, वरच्या मजल्यावरचे काका, सगळ्यांसमोर भिंतीवर टांगलेलं ते पान श्रुतिकाला दिसलं. अमुक तारखेला दूध आलं नाही. अमुक तारखेला सून बसली.

"तू पण बघायचास?" तिने श्रेयसला विचारलं.

"आई दाखवायची..." मग त्याला राग आला, लाजेचा राग. "हो, मीच टाकलं ते. मग? तू डॉक्टरकडे गेलीस ते मला सांगितलंस? मूलबाळ होणार की नाही हे आम्हाला कळायला नको? नवरा आहे मी तुझा. होणारा. आणि लपवायला काही नसेल तर प्रॉब्लेम काय आहे तुला?"

"काहीच नाही. उद्या तुमच्या बाथरूमचं दार काढून टाका. लपवायला काय आहे तिथे? आणि आत्ता तुझा फोन दे बघू इकडे. दे ना."

श्रेयसचा हात झटकन खिशावर गेला. शांताबाई तोंडाला पदर लावून खुदखुदली.

श्रुतिकाने बोटातली अंगठी काढली आणि वसुधाकाकूंच्या तळहातावर ठेवली. "चार तारीखपण रद्द करा, काकू."

"आणि फोन?" काकूंना तशातही आठवलं.

"फोन नाही मिळणार. त्यात तुमची काळजी भरलीय, ती पोलिसांना दाखवायचीय."

निलेश इतका वेळ दाबून धरलेला होता, तो आता सुटला. श्रेयसची कॉलर धरून गरजला, "माझ्या बहिणीच्या फोनमध्ये हात घालतोस? हात मोडून ठेवीन! बाईमाणसाच्या खाजगी गोष्टी बघतोस, लाज आहे का रे?" जयंतीने आणि दोन शेजाऱ्यांनी त्याला ओढून काढला. रिक्षा आली तशी गेली.

परतीच्या बोटीत निलेश पुढे उभा राहून अनोळखी माणसांना सगळी हकीकत सांगत होता. "कसली माणसं बघा! आपण असतो तर? छे!" लोक माना डोलावत होते. सुलक्षणा पदरात तोंड घालून मुसमुसत होती, हॉलसाठी की मुलीसाठी, तिचं तिला ठाऊक.

दिशा सरकत सरकत श्रुतिकाशेजारी आली. तिच्या मुठीत तिचा मोबाइल होता, आणि खालच्या बाजूला जिथे माइकचं बारीक भोक असतं, तिथे तिने अंगठा गच्च दाबून धरला होता.

"श्रुती, ते कुठे जाऊन बघायचं असतं?"

"का गं, वहिनी?"

"वाढदिवसाला ह्यांनी दिला ना हा. तेव्हापासून मी माझ्या आईशी काय बोलते ते ह्यांना संध्याकाळी माहीत असायचं. शब्दाला शब्द. मला वाटलं, आईच सांगते जावयाला." तिने अंगठा आणखी घट्ट दाबला. "मी आईशी बोलणं सोडलं, श्रुती. वर्ष झालं. ती फोन करते, मी कापते."

श्रुतिकाच्या मनात आलं, तीन वर्षं एका स्वयंपाकघरात वावरलो आपण. हिच्या हातच्या चपात्या खाल्ल्या रोज. दुपारपासून वसुधाकाकूंची आलेली किळस तिला आता स्वतःच्या घराच्या भिंतींची यायला लागली, आणि थोडी स्वतःचीही.

तिने फोन घेतला. सेटिंग्ज. अ‍ॅप्स. सगळी दाखव. नाव वेगळं होतं, 'सिस्टीम अपडेट मदतनीस', बाकी तेच. तिने स्वतःच्या मोबाइलवर हात जाऊ दिला नाही. आईचा मागून घेतला आणि पानापानाचे फोटो काढले. मग अ‍ॅडमिनची यादी उघडली, त्याच्यापुढची खूण काढली. करडं बटण लाल झालं.

"वहिनी, हे दाबलं की त्याला कळेल. आत्ताच दाबू, की घरी जाऊन, की तुझ्या माहेरी पोचल्यावर? तू सांग."

दिशाने पुढे बघितलं. निलेश कोणा म्हाताऱ्याला सांगत होता, "बाईची इज्जत म्हणजे काय खेळ आहे?"

"सरक," दिशा म्हणाली. "मी दाबते."

पुढे निलेशच्या खिशात टिंग वाजलं. बोलता बोलता त्याने मोबाइल काढला, वाचला, आणि त्याचं वाक्य अर्ध्यात राहिलं. त्याने मान वळवली. म्हाताऱ्यानेही वळवली, सुलक्षणानेही.

दिशा त्याच्याकडे बघत होती. तिने फोन कानाला लावला होता आणि पलीकडे रिंग जात होती.

"आई," ती म्हणाली, सगळ्या बोटीला ऐकू जाईल अशी. "आई, मी दिशा. बोल गं, काहीपण बोल. आता कोणी ऐकत नाहीये."