माकड, शिंपला आणि अडकलेली कडी

बबडीला शाळेतून प्रश्न आला होता : माकड आणि शिंपला यांतले दहा फरक लिहा. दोन फरकांतच तिचं डोकं फिरलं. पेन्सिल भिरकावून ती बाथरूममध्ये गेली आणि आतून कडी लावून बसली.

राग दहा मिनिटांत उतरला. कडी मात्र सरकेना.

"आजोबा! उघडत नाहीये!"

आजोबा धावत आले. आतून दाराला हिसके बसत होते. वर हातभर झरोका, त्यालाही गज. ओरडून ओरडून बबडीचा घसा बसला.

"इथली हवा संपत आलीय!"

धाकटा काका बाह्या सरसावत आला. "बाबा, सरका. एका धक्क्यात तोडतो."

"दार आत उघडतं. ती त्याला चिकटून उभी आहे. तोंडावरच बसेल तिच्या."

"मग काय, तिथंच वाढवायची तिला?"

"पाच मिनिटं दे. मग तुझा खांदा आणि ते दार."

गुडघे कुरकुरले तरी आजोबा खाली बसले आणि दाराच्या फटीशी तोंड नेलं.

"बबडे, तिसरा फरक सांग."

"नाही सांगणार! मला बाहेर काढा!"

"माझंच अडलंय गं. शिंपल्याला हात नाहीत, डोकं नाही. मग तो उघडतो कसा?"

"जोर लावून!"

"चूक. जोर मिटायला लागतो. आतला स्नायू आवळला की शिंपला बंद. स्नायू सैल सोडला की बिजागरीच त्याला उघडते."

"मी काय शिंपला आहे?"

"तू माकड आहेस."

"माकड काका आहे!"

"ऐकलं मी," काका म्हणाला. "बाबा, दोनच मिनिटं राहिली."

तोवर आजोबांच्या लक्षात आलं होतं. पोर एका हातानं दार ओढत होती आणि दुसऱ्यानं कडी. ओढलेल्या दारामुळे कडी भोकात रुतत होती. जितकी ती घाबरत होती, तितकी ओढत होती; आणि जितकी ओढत होती, तितकी कोंडली जात होती.

"दार धरलेला हात सोड, बाळा."

"सोडला तर आणखी बंद होईल!"

"होऊ दे. जरासं आणखी बंद होऊ दे."

सुटण्यासाठी आधी आणखी कोंडून घ्यायचं, हे मोठ्यांनाही पटत नाही. ती तर आठ वर्षांची. आजोबांनी बाहेरची मूठ धरून दार हळूच आपल्याकडे घेतलं आणि वाट पाहिली.

"सोडला," आवाज अगदी बारीक.

"शाब्बास. आता माकडाचं काम. अंगठा आणि बोट. चिमटीत धर आणि सावकाश सरकव. घाई नाही."

खर्र. कडी थांबली. पुन्हा खर्र.

दार उघडलं तेव्हा काका खांदा चोळतच उभा होता.

त्या दिवशी बबडीनं बाथरूमचं दार कुणालाच लावू दिलं नाही. काका टॉवेल घेऊन आला, तर ती दारातच स्टूल टाकून बसलेली.

"कर की आंघोळ," ती म्हणाली. "मी डोळे मिटते. दार नाही मिटायचं."