टाकी गार होत नाही

"टाकीचा सिरियल नंबर टाकल्याशिवाय पुढचं पान उघडणार नाही," रुचिता म्हणाली आणि भिंतीवरच्या पडद्यावर लाल अक्षरं उमटली.

"मग तोवर दूध नासेल," वनिता म्हणाली.

खोलीत थोडं हसू पसरलं. वनिता हसली नाही. तिने मांडीवरच्या वहीत काहीतरी लिहून घेतलं.

खोपोलीची ही कंपनी दूध थंड ठेवायच्या मोठ्या टाक्या बनवत होती. गावोगावच्या संकलन केंद्रांवर त्या बसवलेल्या. टाकी बिघडली की केंद्रातून फोन यायचा. तो वनिता खंडवी उचलायची आणि काळ्या पडद्याच्या एका जुन्या संगणकात तक्रार चढवायची. ते सॉफ्टवेअर लिहिणारी फर्म कधीच बंद पडली होती. बारा आकडा म्हणजे कंप्रेसर, एकतीस म्हणजे पंखा, हे सगळं फक्त वनिताला पाठ. कर्जतच्या डोंगरातल्या ठाकूरवाडीतून आश्रमशाळेत शिकून ती इथे टेलिफोनवर बसायला लागली, त्याला एकोणीस वर्षं झाली होती.

आता वेब पोर्टल येणार होतं. ग्राहकाने मोबाइलवरूनच तक्रार नोंदवायची. शेवटच्या यादीत दोन पोर्टलं उरली होती. एक मुंबईच्या कंपनीचं, दुसरं रुचिताच्या पुण्यातल्या कंपनीचं. सर्व्हिस मॅनेजर कमलेश ठोंबरे यांनी निवड समितीत वनितालाही घेतलं होतं. का घेतलं, याबद्दल मेकॅनिक विलासचं स्वतःचं मत होतं.

"ताई, तुमची खुर्ची जानार म्हनून तुमाला गप करायला घेतलंय," चहा पिताना तो म्हणाला. "काय ना काय खोट काढत ऱ्हावा. सा महिने तरी चालवा."

"मला ते यायलाच हवंय, विलास."

विलासला ते खरं वाटलं नाही.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात वनिताचे वडील गेले आणि ती बारा दिवस वाडीवर राहिली. त्याच दिवसांत कडावच्या केंद्राचा फोन आला. ज्याने उचलला त्याला संगणक चालवता येत नव्हता. त्याने चिठ्ठी लिहून ठेवली, ती फायलीखाली गेली. नऊशे लिटर दूध शेताच्या चरात ओतावं लागलं. वनिता परत आली तेव्हा जो तो कौतुकाने म्हणाला, "तुम्ही नव्हता ना, म्हणून झालं बघा." तिला ते कौतुक वाटलंच नाही. बाप गेल्यावर बारा दिवस घरी बसावं आणि तेवढ्यापायी कुणाचं नऊशे लिटर दूध मातीत जावं, असली नोकरी तिला नको होती.

"साहेब, दोन्ही पोर्टलं कडावला नेऊन बघू या," डेमो संपून पडदा बंद झाल्यावर ती कमलेशना म्हणाली.

"डेमो झालाच की, ताई."

"इथे एसीत झाला. तिथे बाईच्या हाताला दूध लागलेलं असतं."

मुंबईच्या कंपनीने कळवलं, ग्राहकांना आम्ही ऑनलाइन प्रशिक्षण देऊ, येण्याची गरज नाही. रुचिता जेमतेम सव्विशीची. ती म्हणाली, "मी येते."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला वनिता, रुचिता आणि कमलेशना घेऊन कंपनीची जीप कडावच्या केंद्रासमोर थांबली. केंद्र चालवणाऱ्या सोनुबाई कॅन रिकामे करत होत्या.

"तू वनिता?" त्या बघतच राहिल्या. "फोनवरच्या आवाजावरनं मी चांगली धिप्पाड बाई समजत व्हते गं!"

अकरा वर्षं बोलणाऱ्या दोघी पहिल्यांदाच भेटत होत्या. वनिताने त्यांच्या हातात मोबाइल दिला आणि टाकी बिघडलीय असं समजून तक्रार नोंदवायला सांगितली.

मुंबईच्या पोर्टलने आधी ईमेल विचारला. "त्यो पोराचा हाय. पोरगं तळोज्याला कामाला." ओटीपीही त्या पोराच्याच फोनवर गेला. तिथेच सगळं थांबलं.

मग रुचिताचं पोर्टल. सिरियल नंबरची पट्टी टाकीच्या मागच्या अंगाला, भिंतीकडे. सोनुबाईंनी फटीत हात घातला, टॉर्च मारला. शेवटचे तीन आकडे गंजून गेले होते. वनिताने आपल्या वहीतून नंबर सांगितला, तेव्हा कुठे पुढचं पान उघडलं. त्यात बिघाडांची तेवीस नावं. सोनुबाई ओठ हलवत एकेक वाचत गेल्या.

"टाकी गार व्हत नाय, येवढंच मला कळतं," त्या म्हणाल्या. "ते ह्यात कुटं हाय?"

कमलेशनी रुचिताकडे पाहिलं.

"कुठेच नाही," रुचिता म्हणाली. ती पालथ्या कॅनवर बसली आणि लॅपटॉप मांडीवर घेतला. "मावशी, तुम्ही वनिताताईंना फोनवर काय सांगता?"

"काय सांगायचं? मी म्हनते टाकी गार व्हत नाय. ती इचारते, पंखा फिरतो का, घरघर येते का. झालं."

रुचिताने ते शब्द तसेच उतरवून घेतले. थोड्या वेळाने म्हणाली, "फोन नंबरवरूनच टाकी ओळखता येईल. नंबर शोधायलाच नको. पण कुठल्या फोनची कुठली टाकी, ही माहिती कुणाकडे असेल?"

"माझ्याकडे," वनिता म्हणाली.

तिचा अहवाल एका पानाचा होता. रुचिताचं पोर्टल घ्यावं; टाकी फोनवरून ओळखावी; तेवीस नावांऐवजी साधे दोन प्रश्न असावेत. शेवटी तिने लिहिलं होतं की तक्रार कुणाच्याही टेबलावर थांबू नये, थेट जवळच्या मेकॅनिकच्या मोबाइलवर जावी.

कमलेशनी ते पान दोनदा वाचलं. "ताई, मग तुमच्याकडे काय येणार?"

"काही नाही."

"समजून लिहिलंय ना?"

"तुम्ही दोनदा वाचलंत, साहेब. मी चारदा लिहून काढलंय."

पुढचा महिना ती चारशे बारा टाक्यांची माहिती नव्या पोर्टलमध्ये भरत होती. जुन्या नोंदींवर विसंबून न राहता प्रत्येक केंद्राला फोन करून खात्री करायची. काही ठिकाणी कळायचं, तो माणूस मागच्या साली वारला. मग ती आता केंद्र कोण बघतं ते विचारून नवं नाव घालायची. घसा बसला तेव्हा दोन दिवस गरम पाणी पीत तिने काम चालू ठेवलं.

सोमवारी पोर्टल सुरू झालं. सकाळभर तिच्या टेबलावरचा फोन वाजला नाही. साडेबाराला विलास पिशवी खांद्याला अडकवून दारातून निघालेला दिसला.

"कुठे रे?"

"कडाव. आत्ताच आली ना तक्रार." मग तो घुटमळला. "तुमाला नाय कळलं?"

"कळायचं कारण नाही. कपॅसिटर घेतलास? तिथे लाइट कमी-जास्त होते."

विलास मागे फिरला, स्टोअरमधून कपॅसिटर घेऊन आला आणि निघाला.

कमलेश म्हणाले होते, स्टोअरला नाहीतर डिस्पॅचला काहीतरी बघू. काय ते अजून ठरलं नव्हतं. वनिता उठून कॅन्टीनला गेली. एकोणीस वर्षं ती फोनशेजारीच, जमेल तेव्हा जेवत आली होती. पॅकिंगमधल्या पाचसहा जणी गोलाकार बसल्या होत्या. त्यातली एक सरकली आणि तिच्यासाठी जागा केली.

"नव्या का तुमी? कदी दिसला नाय."

"नाही गं," वनिता डब्याचं झाकण काढत म्हणाली. "जुनीच आहे."